मथुरेजवळ लागलेली गाडी

गाडी विकायचं ठरलं तेव्हा जाहिरात मीच लिहिली. बायको म्हणाली होती, दोन ओळी टाक आणि फोटो लाव. मला ते दोन ओळींत जमेना. मागच्या डाव्या दरवाज्यावर अडीच इंचाचा ओरखडा आहे, समोरच्या काचेला उजव्या कोपऱ्यात तांदळाएवढा टवका आहे, मागच्या सीटचा एक पट्टा अडकतो, एसी मे महिन्यात दुपारी कमी पडतो, हे सगळं मी लिहिलं. मायलेज शहरातलं वेगळं दिलं आणि हायवेवरचं वेगळं. शेवटी लिहिलं, अपघात एकही नाही.

बायकोने वाचून फोन माझ्या हातात परत दिला. "ही जाहिरात आहे की ऑडिट रिपोर्ट?"

"जे आहे तेच लिहिलंय."

"लग्न ठरताना स्वतःबद्दल एवढं सगळं लिहून दिलं असतंस ना, तर मी आज पुण्यात असते."

मी केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात आहे. आकडा लपवला की तो पुढे कुठेतरी डोकं वर काढतो, हे मी नोकरीत इतक्या वेळा पाहिलं आहे की घरातही माझा हात आखडत नाही. त्यामुळे जाहिरात तशीच गेली.

विकायचं कारण सरळ होतं. दिल्लीच्या आसपासच्या पट्ट्यात, म्हणजे एनसीआरमध्ये, पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षांची मुदत असते. ती संपायच्या आत या पट्ट्याबाहेरच्या कुणाला तरी गाडी विकायची, एनओसी घ्यायची आणि निरोप द्यायचा. नाहीतर भंगार. आमची गाडी ठणठणीत होती, तिला भंगारात घालवणं जिवावर येत होतं. पण नियम मला मान्य होता. नोएडात राहून नोव्हेंबरची हवा ज्याने छातीत घेतली आहे, त्याला त्यावर वाद घालता येत नाही.

अडचण आईची होती. आईला गाडी लागते. बस लागते, टॅक्सी लागते, सीएनजीचा वास तर गाडी सुरू व्हायच्या आधीच लागतो. फक्त आमच्या या एका गाडीत ती शांत बसे. पुढच्या सीटवर, काच चार बोटं खाली, तोंडात लवंग, नजर समोर. का लागत नाही यावर माझे तर्क होते. सीट उंच आहे, काच मोठी आहे, मी पंचेचाळीसच्या वर जात नाही. आईचं उत्तर छोटं होतं. "आपली आहे ना, म्हणून."

आणि आईला दर रविवारी मुनिरकाला जायचं असे. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, तिथल्या एका फ्लॅटमध्ये पहिल्या मजल्यावर राहते. दोघी बहिणी सरकारी नोकरांशी लग्न करून पाठोपाठ दिल्लीत आल्या आणि इथल्याच झाल्या. मावशी आता अंथरुणावर आहे. माणसं ओळखते, काळ ओळखत नाही. तिचा मुलगा परदेशात आहे आणि घरात रात्रंदिवस एक बाई असते. आई रविवारी सकाळी जाऊन तिच्या पलंगाच्या कडेला बसे, तिची वेणी घाली, आणि दोघी हळू आवाजात कुठल्या तरी जुन्या दुपारी निघून जात. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसे.

गाडी गेली की हे बंद. आम्ही बाकीचे उपाय करून पाहिले होते. नव्या गाडीची चक्कर घेतली, तर आईने आमचं सेक्टर ओलांडायच्या आत हाताने थांबायची खूण केली. एकदा टॅक्सी केली, ती टोलनाक्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला उभी करावी लागली. मेट्रो नोएडातून थेट मुनिरकाला जाते, पण बरीचशी जमिनीखालून. एका फेरीनंतर आई म्हणाली, "बाहेर नुसता अंधार पळत असतो. मला रस्ता दिसायला हवा." नवी गाडी कुठली तरी घेऊ, सवय होईल, असं मी म्हणत होतो.

त्या रविवारच्या फेऱ्या आता आठवतात त्या सगळ्या मिळून एकच असल्यासारख्या. फेब्रुवारीचं कोवळं ऊन, डीएनडीच्या उड्डाणपुलावर गाडी चढली की खाली यमुना, ती पाणी आहे की धुकं हे कळू नये अशी. पलीकडची दिल्ली कुणीतरी ओल्या कापडाने पुसून ठेवल्यासारखी फिकट. आई एक शब्द बोलत नसे. बोललं की लागतं, असं तिचं म्हणणं. मीही बोलत नसे. बाबा गेल्यापासून मागची सीट रिकामीच असे, पण आरशात पाहताना मी अजून थोडं डावीकडे मान कलती करून पाहत असे, त्यांच्या डोक्याच्या बाजूने पाहावं लागायचं तशी. रिंग रोडवर सावरीची झाडं पानं टाकून नुसती लाल फुलं धरून उभी असत. एखादं फूल बॉनेटवर पडून थोडा वेळ आमच्याबरोबर येई आणि वळणावर उतरून जाई. आर. के. पुरमच्या रस्त्याला लागलं की आई लवंग गिळायची. म्हणजे पोचलो.

जाहिरात गेली आणि फोन सुरू झाले.

"लास्ट कितना?" हा बहुतेकांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न. नमस्कार नाही, गाडी कुठली, कशी, काही नाही. मी जाहिरातीत लिहिलेली रक्कम सांगे. "वो तो लिखा है. लास्ट बोलो." मी म्हणे, तीच लास्ट आहे. मग तिकडून असा उसासा येई की मीच त्यांच्याकडे काही मागायला गेलो आहे. काही जण डीलर नसल्याची शपथ आधीच घेत. "फैमिली यूज़ के लिए चाहिए सर, डीलर नहीं हूँ." दुपारी त्याच आवाजात वेगळ्या नंबरवरून पुन्हा तेच कुटुंब. एकाने विचारलं की गाडीबरोबर सोसायटीतली पार्किंगची जागाही मिळेल का. गाझियाबादचा एक गृहस्थ मुलाबाळांसकट आला. एनसीआरच्या आतल्या माणसाला विकून उपयोग नाही हे मी फोनवर दोनदा सांगितलं होतं, त्याने दोनदा "बिल्कुल" म्हटलं होतं. मुलांनी मागच्या सीटवर बसून बिस्किटं खाल्ली, त्याच्या बायकोने आरशात केस नीट केले, आणि तो म्हणाला, "चलो, मन बहल गया." मग ते सगळे तिथूनच मॉलला गेले.

पण मला सगळ्यात जास्त कोड्यात टाकलं ते हापुडहून आलेल्या एका माणसाने. हापुड एनसीआरातच येतं, पण गाडी आपल्या रामपूरच्या भावासाठी हवी आहे, असं तो म्हणाला होता. त्याने जाहिरात छापून आणली होती. एकेक ओळ वाचत तो गाडीभोवती फिरला. ओरखडा अडीच इंचच आहे हे त्याने बोटाने मोजून पाहिलं. मग कागदाची घडी करत म्हणाला, "जिसने इतना बताया है, उसने छुपाया कितना होगा!" आणि निघून गेला.

मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. मार्च लागला होता. आमच्याकडे झाडांची पानं वसंतात गळतात. कडुनिंबाची पिवळी पानं गाडीच्या टपावर आवाज न करता येऊन बसत होती आणि सबंध पार्किंग अर्धवट झोपेत असल्यासारखं दिसत होतं.

असे फोन घेता घेता एक दिवस मुरादाबादहून एका मास्तरांचा फोन आला. त्यांनी आधी नमस्कार केला, मग गाडी अजून आहे का विचारलं. सरकारी शाळेत शिकवत होते. मुरादाबाद पट्ट्याबाहेर, कागदपत्रांची अडचण नाही. शनिवारी ते आपल्या मेव्हण्याला घेऊन आले. मास्तर बारीक, कानावर केस पांढरे झालेले. मेव्हणा धिप्पाड, आणि गाड्यांतलं आपल्याला कळतं यावर त्याचा पूर्ण विश्वास. त्याने बॉनेट उघडून हवा हुंगली, दारं आपटली, टायरला बुटाने दोन लाथा घातल्या. मास्तर नुसते सीटवर बसले आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाहत राहिले. मला त्याच वेळी वाटलं की गाडी यांच्याकडे जावी.

चक्कर मारून आलो, वर घरी चहा झाला. मास्तरांनी किंमत थोडी कमी करायला सांगितली, मी थोडी केली. दोघांनाही बरं वाटलं. तेवढ्यात मेव्हण्याने बशीतला शेवटचा चिवडा तोंडात टाकत सहज विचारलं, "गाड़ी कहीं लगी तो नहीं है?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. त्याआधी कोपऱ्यातल्या खुर्चीतून आई बोलली. आईचं हिंदी आयुष्यभर मराठीचाच पदर धरून चाललेलं.

"बाकी सब गाडी लगती है, बेटा. ये नहीं लगती. सिर्फ एक बार लगी, मथुरा के पास."

मेव्हण्याचं चावणं थांबलं.

"मथुरा के पास?"

"हाँ ना. बहुत जोर से लगी. पूरा दरवाजा खराब हो गया था."

"कौन सा दरवाज़ा, माताजी?"

"आगे का. मैं बैठती हूँ वो."

खरं सांगायचं तर झालं होतं ते असं. बाबा असताना आम्ही आग्र्याहून परत येत होतो. आईने मथुरेला उन्हात पेढे खाल्ले आणि नंतर काच खाली करायला जरा उशीर झाला. पण मराठीत गाडी माणसाला लागते आणि दिल्लीच्या हिंदीत गाडीला काहीतरी लागतं. हे त्या दोघांना कळायचं काहीच कारण नव्हतं. मेव्हणा उठून खाली गेला. आम्ही मागोमाग. तो पुढच्या डाव्या दाराशी उकिडवा बसला आणि रंगावरून बोट फिरवू लागला. दुर्दैव असं की शेजारच्या मागच्या दारावर ओरखडा होता आणि या दारावर एकही नव्हता.

"देखा जीजाजी? नया पेंट है."

"नहीं नहीं," मी म्हणालो. घाईत मला साधं वाक्य सुचेना. "उल्टी हुई थी. मथुरा के पास. बस, उल्टी."

"उलटी?" तो उभाच राहिला. "गाड़ी पलटी भी है?"

"गाड़ी नहीं! माँ को! माँ को लगी थी!"

"हे भगवान," मास्तर कळवळून म्हणाले, "माताजी को चोट भी आई?"

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागलो. जितकं सांगावं तितकं ते बनवल्यासारखं वाटत होतं, माझं मलाच. मेव्हणा आता हसत होता, चोर पकडल्यावर हसतात तसा. मास्तरांनी हात जोडले. "भाईसाहब, सोचकर बताते हैं." दिल्लीत याचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं. फाटकाशी मेव्हण्याचा आवाज ऐकू आला, "लिखा था एक्सीडेंट नहीं है. शक्ल से तो शरीफ़ लग रहे थे."

ती संध्याकाळ मी गाडीतच बसून काढली. कुठे जायचं नव्हतं. काच खाली करून बसलो आणि आमच्या भाषेत काय काय लागतं ते आपोआप मनात यायला लागलं. तहान लागते, ठेच लागते, डोळा लागतो. एखाद्या घराचा लळा लागतो. उशीर झाला की काळजी लागते. असं सगळं लागतच असतं आणि त्यात आपण काही केलेलं नसतं. मला खोटारडा म्हटलं गेलं होतं, आणि ते मला फार लागलं होतं. खाली शाल टाकून बसलेल्या बायका मटार सोलत होत्या, त्यांचं बोलणं लांबच्या रेडिओसारखं येत होतं. थोडा वेळ माझा डोळाही लागला.

पुढच्या शनिवारी बरेलीहून एक जोडपं आलं. तरुण, नीटनेटकं. त्यांना गाडी आवडली. मुलीने रंगाचं कौतुक केलं. आई चहाचा ट्रे घेऊन आली. खरं तर ती पाहुण्यांसमोर ट्रे आणत नाही, गुडघे दुखतात. ट्रे ठेवून ती समोर बसली आणि मुलीकडे पाहून प्रेमाने म्हणाली, "अच्छी गाडी है. सिर्फ एक बार लगी, मथुरा के पास. बहुत जोर से."

या वेळी मी त्या जोडप्याकडे पाहिलंच नाही. मी आईकडे पाहिलं. ती बशीवरचा ओघळ रुमालाने टिपत होती, अगदी मन लावून.

जोडपं गेल्यावर मी तिच्या खोलीत गेलो. खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं आणि ती त्यात पाय पसरून मटार सोलत होती.

"आई, तू दिल्लीत किती वर्षं आहेस?"

"तुझ्याहून जास्त."

"'गाड़ी लगी' म्हणजे इथे काय म्हणतात, तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे की." तिने एक शेंग मोडली. "आपल्याच मागच्या गल्लीत रोज कुणाची तरी लागते."

"मग?"

"मी खोटं काय बोलले? मला लागलीच होती."

"आज मुद्दाम बोललीस."

"त्या दिवशीसुद्धा."

मी खुर्ची ओढून बसलो. मला राग यायला हवा होता. पण उन्हात तिच्या हातातून हिरवे दाणे ताटात पडत होते, एकेक, टपटप. राग येता येता कुठेतरी रेंगाळला आणि मग आलाच नाही.

"एक गिऱ्हाईक परत गेलं की एक रविवार मिळतो," ती म्हणाली. "मी म्हटलं, मिळतील तेवढे घेऊ. तिकडे ती वाट बघते रे. वार कळत नाहीत तिला, पण बाई सांगते, रविवारी सकाळपासून दाराकडे तोंड करून पडते."

"मला सांगायचंस."

"काय सांगायचं? तू म्हणणार, नियम आहे. नियम आहेच." तिने रिकामी शेंग बाजूला टाकली. "त्या मास्तरला परत बोलाव. तो बरा होता. चहा पिऊन झाल्यावर स्वतःचा कप आत आणून ठेवला त्याने. दुसरा तो रेडा नको."

"ते आता कशाला येतील?"

"तू समजावून सांग. नीट. त्या दिवशी उल्टी उल्टी काय करत बसलास."

मी मास्तरांना फोन केला. आधी एका कागदावर हिंदीत वाक्यं लिहून काढली, कर्ता कोण, कर्म कोण हे पक्कं करून. आमच्या मराठीत प्रवासात मळमळलं की गाडी लागली म्हणतात. माझ्या आईला सगळ्या गाड्या लागतात, ही एकच लागत नाही. एकदाच लागली, मथुरेजवळ, पेढे खाल्ल्यामुळे. दार खराब झालं ते आतून. ते धुतलं. रंग कंपनीचाच आहे.

मास्तरांनी एकेक शब्द जुळवून पाहिला. "यानी माताजी को गाड़ी लगी थी. गाड़ी को कुछ नहीं लगा था."

"जी."

मग ते हसू लागले. ते असं हसतील अशी मी कल्पनाही केली नसती. "भाईसाहब, मैं हिंदी ही पढ़ाता हूँ. तीस बरस से बच्चों को कर्ता-कर्म समझा रहा हूँ, और ख़ुद यहाँ फँस गया." मागे कुणाला तरी त्यांनी ते सांगितलं, एका बाईच्या हसण्याचा आवाज आला. "गाड़ी हम लेंगे. साले साहब को मैं समझा दूँगा."

आईला सांगितलं तेव्हा तिची एकच अट होती. गाडी रविवारी द्यायची, आणि मुनिरकाला द्यायची, मावशीच्या घराखाली. "तिकडे गाडीने जाऊ दे एकदा. परत कसंही येऊ." मास्तरांना काही अडचण नव्हती. मला ते ठीक वाटलं. परत येताना मेट्रोत डोळे मिटून बसेल, मी मनाशी म्हटलं, लवंगा जास्त ठेवू.

मधल्या दिवसांत एनओसी आली, सह्या झाल्या, पैसे बँकेत आले. त्या रविवारी सकाळी मी गाडी रिकामी केली. हवा तपासायचं मीटर, फडकं, बाबांचा काळा चष्मा, जुनी टोलची पावती, सगळं वर नेलं. मग अंघोळ करून खाली आलो तर आई आधीच पुढच्या सीटवर बसून होती. बायको खिडकीशी उभी राहून तिच्याशी काहीतरी बोलत होती. मी आल्यावर बाजूला झाली.

ती फेरी मला सलग आठवत नाही, तुकड्यांनी आठवते. डीएनडीवर नेहमीपेक्षा स्वच्छ हवा होती आणि यमुनेत ऊन असं पडलं होतं की नदी खरंच वाहते आहे असं वाटावं. मी पंचेचाळीसऐवजी चाळीसने चालवत होतो, मागचे हॉर्न देत होते, देऊ दिले. आश्रम चौकाजवळ वाहनं थांबली तेव्हा आईने डॅशबोर्डवरून हात फिरवला, धूळ पुसल्यासारखा. सावरीची फुलं संपली होती, आता झाडांवर कापसाची बोंडं फुटत होती आणि पांढरे पुंजके रस्त्यावर तरंगत होते. एक आत आला. आईच्या मांडीवर बसला. तिने तो उडवला नाही. कुठल्याशा सिग्नलवर ती चक्क बोलली, गाडी चालू असताना, आणि तिला काही झालं नाही.

"छान चालवतोस," ती म्हणाली. एवढंच.

मुनिरकाला मास्तर आणि मेव्हणा आधीच येऊन मावशीच्या घराखाली उभे होते. आईने मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, खिड़की चार उंगल खुली रखना," म्हणाली आणि कठड्याला धरून जिना चढून गेली. मागे वळून पाहिलं नाही. मी किल्ल्या दिल्या, दुसरी किल्लीही दिली, सीटचा पट्टा कसा अडकतो आणि कसा सोडवायचा ते दाखवलं. मेव्हणा आता माझ्याशी फार अदबीने वागत होता. सामान ठेवायला त्याने डिकी उघडली आणि थांबला.

"सर, ये बैग आपका है?"

आत आईची निळी बॅग होती. ती मी सकाळी पाहिली नव्हती. मी डिकी स्वतः रिकामी केली होती, झाडली होती. उचलून पाहिली तर जड होती, एका दिवसाच्या सामानाएवढी नव्हती.

मी बॅग हातात धरून उभा राहिलो. गाडी निघाली. मास्तरांनी खिडकीतून हात केला, मीही केला. गाडी कोपऱ्यावरच्या फळवाल्यापाशी वळली. मग मी बायकोला फोन लावला.

"तुला माहीत होतं."

"हो," ती म्हणाली. "तू अंघोळीला गेलास तेव्हा मीच ठेवली. त्यांनी सांगितलं होतं, आधी सांगू नकोस, तो नीट गाडी चालवणार नाही."

"किती दिवसांसाठी?"

"अरे, ते मी विचारलं नाही."

जिना चढून वर गेलो. मावशी दाराकडे तोंड करूनच पडली होती, पण आज तिच्या आणि दाराच्या मधे आई बसली होती आणि तिची वेणी सोडत होती. मावशीने मला पाहिलं. "आलास?" ती म्हणाली. "तुझे बाबा गाडी लावतायत का खाली?"

"हो मावशी," मी म्हणालो.

आई माझ्या हातातल्या बॅगेकडे बघत होती. मी काही विचारीन असं तिला वाटत असावं. तिने कंगवा खाली ठेवला, मग पुन्हा उचलला.

"ही पलंगाखाली सारू का?" मी विचारलं.

"नको. आतल्या कपाटात खालचा कप्पा आहे बघ."

मी आत जाऊन कपाट उघडलं. खालचा कप्पा रिकामा होता. पुसून कोरडा केलेला, तळाला नवा वर्तमानपत्राचा कागद, कोपऱ्यात दोन डांबराच्या गोळ्या. मावशीच्या घरात वर्षानुवर्षांच्या साड्या आणि चादरी ठासून भरलेल्या, तिथे एवढी जागा एका रविवारी होत नाही. बाहेर आई हलक्या आवाजात मावशीला काहीतरी सांगत होती आणि मावशी हसत होती. मी जमिनीवर बसलो, बॅगेची चेन उघडली आणि तिच्या साड्या एकेक करून लावायला घेतल्या.